एगैल्यातला रडका भोपळा

"रडला! रडला!"

आखातातल्या एगैला वस्तीतला हॉल शुक्रवारी संध्याकाळी गच्च भरला होता. बँकेतले मॅनेजर, आयटीतले इंजिनिअर, ऑडिटवाले, त्यांच्या बायका-पोरं. शिकल्यासवरलेली सगळी माणसं एका लाल भोपळ्यापुढे हात जोडून बसली होती. भोपळ्याला गोल डोळे आणि वासलेलं तोंड कोरलं होतं, आणि त्या डोळ्यांच्या कडांतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"पाहिलंत?" जयराममहाराज माईकवर गरजले. स्वारी व्हिजिट व्हिसावर आली होती. "माणसाचं दुखणं फळ भोगतं! कॉस्मिक एनर्जी आहे ही. तिकडे अमेरिकेत भोपळ्याला तोंड कोरतात. का कोरतात? त्यांना ठाऊक नाही! आपल्या ऋषींना ठाऊक होतं!"

टाळ्या. ऋषींनी हिऱ्याची मूठ असलेली कोरणी वापरली होती का, हे कुणी विचारलं नाही. महाराजांची तशी होती.

मागच्या रांगेत चारुता बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि जवळच्याच सबाह अल-सालेममधल्या आपल्या बिल्डिंगमधल्या पोरांसाठी दर ऑक्टोबरात भोपळे कोरायची. झाकण तिरकं कापायचं, म्हणजे ते आत पडत नाही. चमच्यानं गर खरवडायचा. कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळायचं, नाहीतर एसीच्या कोरड्या हवेत चेहऱ्याचा दोन दिवसांत म्हातारा होतो. एवढे भोपळे कोरले, पण एकही कधी रडला नव्हता. हे काय गौडबंगाल आहे, तिला कळेना.

महाराजांचा नियम एकच. अखंड भोपळा बाईनं चिरायचा नाही. तो तर आपल्याकडे घरोघर पाळतातच, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. पहिला काप पुरुषाचा, मग कोरणं महाराजांचं. मग आतून अंगारा चोळायचा, भजन म्हणायचं, की आलेच अश्रू.

"आता जुईली."

चारुताची शेजारीण मेधा पोरीला घेऊन पुढे गेली. जुईली चारुताच्याच शाळेत पाचवीत होती. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन.

"हिची साखर भोपळा पिऊन टाकील," महाराज म्हणाले. "पण भोपळा घरात आहे तोवर सुई नाही. सुई टोचली की भोपळा रुसतो."

चारुता ताडकन उठली. "मेधा, इन्सुलिन बंद करू नकोस! मरेल ती!"

"बसा हो ताई! अभद्र बोलू नका!" चहूकडून आवाज आले.

मेधाचा नवरा अजय वळला. त्याचे डोळे लाल होते. "रोज स्वतःच्या पोरीला सुया टोचल्या असत्यास ना चारुता, तर बोलली नसतीस."

 चारुता बसली.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, जुईली शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर चारुता तडक मेधाच्या दारात. पोरगी सोफ्यावर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, शेजारी रिकाम्या बाटल्या.

"मावशी, आय ॲम सो थर्स्टी."

तिच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळाचा वास येत होता. डायनिंग टेबलावर महाराजांनी दिलेला भोपळा बसला होता, तोंड आत गेलेला. त्याच्याखालच्या ताटात पाणी साठलं होतं.

"उलट्या कधीपासून?"

"सकाळपासून. महाराज म्हणाले, रोग बाहेर पडतोय." मेधानं ताटातलं पाणी चमच्यात घेतलं. "तीर्थ देते थोडं."

चारुतानं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! ती स्वयंपाकघराकडे वळली आणि दारातच थांबली. ओट्यावर चाळणीत कारल्याच्या चकत्या होत्या, खाली वाडगं, वाडग्यात हिरवट पाणी.

"मेधा, हे काय गं?"

"कारलं. जुईलीसाठी. मीठ लावून ठेवलंय, कडू पाणी सुटायला..."

मेधा बोलता बोलता थांबली. तिनं वाडग्याकडे पाहिलं. मग भोपळ्याकडे.

"कारलंही रडतंय का गं?" चारुतानं विचारलं.

मेधानं हातातला चमचा स्वतःच्याच जिभेला लावला.

"अंगाऱ्यात मीठ आहे. लागलं ना खारट? आणि पोरीला उचल, हॉस्पिटलात चल!"

"थांबा! मी महाराजांना फोन लावतो," आतल्या खोलीतून येऊन अजय आडवा आला.

"लाव! मी ॲम्ब्युलन्सला लावते!"

मेधा दोघांच्याही फोनसाठी थांबली नाही. तिनं पोरीला उचललं आणि चपला न घालता लिफ्टकडे धावली.

जुईली वाचली. आयसीयूतला डॉक्टर अजयवर ओरडला, "आणखी थोडा उशीर केला असतात तर माझ्याकडे आणायचं कारणच उरलं नसतं."

पुढच्या शुक्रवारी चारुता स्वतः कोरलेला भोपळा आणि जमियातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानातून, आणलेली मिठाची पिशवी घेऊन हॉलवर गेली. कुणी अडवायच्या आत तिनं भोपळा टेबलावर ठेवला आणि आतून मूठभर मीठ चोळलं.

"भजन म्हणायची गरज नाही. नुसतं थांबा."

लोक थांबले. तमाशा कुणाला नको असतो? थोड्या वेळानं डोळ्याच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, ओघळला. मग दुसरा.

"मीठ भोपळ्यातलं पाणी ओढून घेतं. तुम्ही रोज कारल्याला, काकडीला मीठ लावता, तेच हे! महाराजांच्या अंगाऱ्यात मीठ आहे. या, जीभ लावून बघा!"

एकही माणूस उठला नाही.

महाराज हसले. "ताई, हा बाईनं चिरलेला भोपळा. तो स्वतःच्या अपमानाला रडतोय."

हॉल खदखदून हसला. टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र उठली, चारुताच्या भोपळ्यापुढे डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्याकडे कोणत्या वारी असतं?"

चारुताला रडावं की हसावं कळेना.

"आणि जुईली?" महाराजांनी माईक घेतला. "मरणाच्या दारातून कोणी परत आणली?"

अजय उभा राहिला. "तुम्ही, महाराज."

चारुतानं मेधाकडे पाहिलं. मेधा नखं बघत होती. ती काही बोलेल म्हणून चारुता वाट पाहत उभी राहिली. सगळा हॉल टाळ्या वाजवून दमला, तरी मेधानं मान वर केली नाही.

जुईलीचं इन्सुलिन सध्या चालू आहे, डॉक्टरांनी पोलिसांचा धाक घातलाय म्हणून. टेबलावर मात्र नवा भोपळा आलाय. महाराजांची व्हिजिट संपली की पुढचा कुणीतरी येईल. रांग तयारच आहे.

म्हणून सांगणं एवढंच. घरी भोपळा आणा. बाईनंच चिरा, काही होत नाही. आतून मीठ चोळा आणि थांबा. पाणी सुटेल. त्याला हात जोडायच्या आधी जीभ लावून बघा. आणि औषध बंद करा म्हणणारा कुणीही असो, त्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढा.

चव मेधालाही कळली होती. ती गप्प बसली. तुम्ही बसू नका.