राहात्याच्या दुकानावरची साबणाची पाटी

मी साबणाच्या जाहिरातीची पाटी बोलतेय. हो हो, पाटीच! आधी सगळं ऐका, आणि मग हसू आलं तर खुशाल हसा.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्र्यावर रंग भाजून मला तयार केलं. माझ्या अंगावर टबात बसलेलं एक काळंभोर बाळ आहे, कुरळ्या केसांचं, जाड ओठांचं. एक गोरी बाई त्याला साबण चोळतेय, आणि फेस जिथवर पोचलाय तिथवर बाळ पांढरंफटक झालंय. मला बघून कारखान्याचा गोरा साहेब पोट धरधरून हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकोणीसशे त्रेचाळीस साली कंपनीच्या एजंटानं मला राहात्याला आणलं आणि भिमाजीच्या किराणा दुकानाच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकलं. इथं मात्र कुणी हसलं नाही. भिमाजीची बायको बनुबाई माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बया, बाळकिस्नाची आंघूळ! आन् ही यशोदामाय!" झालं! सणासुदीला मला हळदकुंकू, बाजाराच्या दिवशी झेंडूचं फूल. बाजाराला आलेल्या बाया जाता-येता हात जोडायच्या. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा फुशारून गेले होते.

पण त्या घरात चांगुणा होती. भिमाजीची सोळा वर्षांची थोरली लेक, रंगानं काळी, कामाला वाघीण. पाव्हणे दोनदा तिला बघायला आले, चहा पिऊन, सुपारी खाऊन गेले आणि पुढं निरोपच नाही. मग बनुबाईनं दुकानातला साबण काढला. रोज सकाळी न्हाणीत लेकीला बसवून ती दगडानं घासायची आणि वर म्हणायची, "देवसुदीक उजळला बघ पाटीवर, मग तू का न्हाई उजळनार?" पोरीच्या कोपरांची सालं निघाली. दुकानात येताना ती माझ्याखालून मान खाली घालून जायची.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. वारा सुटला की मी खडखड वाजायचे. भिमाजीला वाटायचं, खिळा ढिला झाला. तो आणखी दोन टोले हाणायचा. अरे बाबा, ठोकतोस काय, काढ मला! पण पत्र्याचं कोण ऐकतंय?

लढाईचं शेवटचं वर्ष होतं. नगरच्या छावणीतून मनमाडकडं निघालेला एक लष्करी ट्रक आमच्या दुकानासमोर बंद पडला. त्यातून आफ्रिकेतला एक शिपाई उतरला, उंचापुरा, काळा. सावलीला म्हणून तो आमच्या दारात आला आणि मला बघून जागच्या जागी थबकला. थोड्या वेळानं त्यानं हात उचलला आणि त्या बाळाचं तोंड तळव्यानं झाकलं.

भिमाजीला वाटलं, हा दर्शन घेतोय! धांदलीनं तो आत गेला, गूळखोबरं घेऊन आला आणि शिपायाच्या दुसऱ्या हातावर ठेवलं. "घ्या सायेब, परसाद घ्या."

शिपाई हातातल्या खोबऱ्याकडं नुसता बघत राहिला. मिशन शाळेतले सत्यवान मास्तर रॉकेल घ्यायला आले होते. त्यांनी परसाद कशाचा ते इंग्रजीत सांगितलं, तसा शिपाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागला. ऐकता ऐकता मास्तरांचा चेहरा उतरला.

"भिमाजीराव," ते म्हणाले, "हे म्हणतात, हा कुणी देव नाही. हे आमचं लेकरू आहे. आमचा रंग म्हणजे धुऊन काढायची घाण, असं म्हणून गोरे आम्हांला हिणवतात. असलं चित्र यांनी आपल्या मुलखातही पाहिलंय. कृपा करून ते खाली घ्या म्हणतात."

भिमाजी गांगरला. त्याच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं हो. "अवो मास्तर, त्यांना सांगा, राग मानू नका म्हनावं. आमच्यात ह्याचं कुनाला वाईट वाटत न्हाई. माझी सवताची लेक काळी हाय. तिला आमी रोज हीच पाटी दावून घासतो. इचारा की तिला!"

मास्तरांना ते सांगवेना. शिपायानं पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. शिपायानं वळून पाहिलं. तेलाचं माप हातात घेऊन चांगुणा मागं उभी होती. त्याची नजर तिच्या सोललेल्या कोपरांवर गेली आणि त्याचे डोळे भरून आले. माझा पत्रा त्या घडीला वितळला असता तर बरं झालं असतं.

दारात आलेला माणूस दुखावून जाणार, हे भिमाजीला सोसेना. "बरं बरं, काढतो. पाव्हन्याचं मन दुखाया नगं," म्हणत तो पकड शोधू लागला.

तशी चांगुणा पुढं आली. "आबा, त्यांनी येकदा सांगितलं तर तुमी पकड शोधाया लागला. मी दोन वरसं रडतीया. ते तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

भिमाजीला पकड सापडली होती, पण ती तशीच हातात राहिली. बनुबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली. चांगुणानं बापाच्या हातातून पकड घेतली, खोक्यावर चढली आणि एकेक खिळा उपटला. शिपायानं मला खालून धरलं होतं.

आता मी दुकानामागं कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी पडलेय. पुढचे पाव्हणे आले तेव्हा चांगुणा आहे तशीच त्यांच्यासमोर जाऊन बसली. त्यांनीही नकार कळवला. पण बनुबाईनं दगड पुन्हा हातात घेतला नाही.

गंज मला चढत चाललाय, त्याचं मला काही वाटत नाही. घोर आहे तो माझ्या बहिणींचा. त्या कारखान्यातून माझ्यासारख्या किती निघाल्या आणि कुठल्या कुठल्या दारांवर अजून मिरवतायत, कुणास ठाऊक! तुम्हांला एखादी दिसली, तर एवढं करा. तिच्यात वाईट काय आहे, हे दुकानाच्या मालकाला विचारू नका. घरात एखादी काळी पोर आहे का बघा, आणि तिला विचारा.