नऊ हजार नऊशे टक्के

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर एकाचाही बसलेला नाही. पण डॉक्टर आत कुणाची तरी अक्कलदाढ उपटतायत, आपला नंबर यायला तासभर तरी आहे, आणि भिंतीवरच्या चित्रातला तो किडका दात बघून बघून डोळे दमलेत. तेव्हा ऐका. शिंपीणबाई, ते मासिक ठेवा बाजूला, त्याची शेवटची चार पानं तशीही कुणीतरी फाडून नेलीयत.

तर एक बाई होती. नावं कोरायची. ट्रॉफीच्या खाली ती पितळी पट्टी असते ना, ‘प्रथम क्रमांक, अमुक अमुक’, ती पट्टी. भाची तिला आत्या म्हणायची, आणि भाचीचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा, त्यामुळे तिन्ही गल्ल्यांची ती आत्याच झाली. दुकान आठ फूट रुंद. आत दोन माणसं उभी असली तर तिसऱ्यानं आधी श्वास सोडायचा आणि मग आत शिरायचं.

दुकानाच्या पाटीवर आत्याच्या वडिलांचं नाव होतं आणि पुढे ‘आणि चिरंजीव’. चिरंजीव म्हणजे आत्याचा भाऊ. तो पोरीला आत्याकडे ठेवून बोटीवर नोकरीला गेला, तो जो गेला तो पोस्टकार्डांपुरताच उरला. काम सगळं आत्याचं. एकतीस वर्षांत तिनं हजारो नावं कोरली. धावणाऱ्यांची, पोहणाऱ्यांची, निवृत्त होणाऱ्यांची, एकदा तर एका घोड्याचंही. स्वतःचं एकदाही नाही.

“मग कोर ना एक पट्टी,” भाची म्हणायची. “पितळ आपलं, हात आपला. अडलंय कुठे?”

“स्वतःच्या मनानं कोरली तर ती नुसती पाटी झाली गं. दुसऱ्यानं येऊन सांगावं, हे नाव कोरा म्हणून. तेव्हा तो मान.”

एवढं बोलून ती पट्टीवर फुंकर मारायची आणि विषय संपवायची. पण भाचीनं तो मनात ठेवला.

आता झालं काय, तीन वर्षांपूर्वी लोकांना बक्षिसं द्यायची साथ आली. साथच म्हणायची, दुसरं काय? जो उठेल तो दुसऱ्याला ट्रॉफी देत सुटला. कचेऱ्यांमधून ‘सर्वांत कमी चिडणारा साहेब’ निघाला. एका दवाखान्यानं ‘सर्वांत सोशिक रुग्ण’ निवडला, ते ऐकून बाकीचे रुग्ण भांडायला आले. एका इमारतीनं तर आपल्या लिफ्टला ‘वर्षातली सर्वांत वक्तशीर लिफ्ट’ म्हणून ढाल दिली, आणि ती ढाल घेऊन वर जाताना लिफ्ट दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. हसू नका, दातात कळ येईल.

पूर्वी वर्षाला चाळीस ट्रॉफ्या करणारं ते दुकान, तिसऱ्या वर्षी चार हजार करायला लागलं. चषक ठेवायला जागा पुरेना. आंघोळ करायची तर आधी अठरा चषक बाहेर काढायचे आणि मगच पाण्याचा नळ दिसायचा. शेजारणीची मांजर ‘उत्कृष्ट वक्तृत्वा’तून दूध प्यायची. आत्या झोपायची तीसुद्धा ढालींच्या दोन रांगांमधे, कुशीवर. पाठीवर झोपायची सोय राहिली नव्हती.

आणि मग भाचीच्या हाती एक अर्ज लागला. ‘झपाट्यानं वाढणाऱ्या व्यवसायांसाठी पुरस्कार.’

भाचीनं आत्याला न विचारता भरायला घेतला. व्यवसायाचं नाव या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. पाटीकडे बघितलं, मान हलवली, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘आत्या आणि भाची’. पुढे वाढीचा रकाना. तीन वर्षांतली वाढ किती टक्के? तिनं हिशेब केला, नऊ हजार नऊशे. अर्जात चौकोन तीनच. अर्ज छापणाऱ्याला कुणी एवढं वाढेल असं वाटलंच नव्हतं. शेवटचं शून्य तिला समासात लिहावं लागलं. ‘आपल्या यशाचं रहस्य काय?’ या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, ‘लोकांची एकमेकांना शाबासकी देण्याची हौस.’ आणि टाकला अर्ज.

आत्याला कळलं तेव्हा ती आधी चिडली. मग कुणी बघत नाहीसं बघून विचारलं, “काय नाव लिहिलंस म्हणालीस?”

“आत्या आणि भाची.”

“हं,” आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली.

दुकानात ट्रॉफ्यांना चकाकी आणायला एक पॉलिशवाले काका होते. ते म्हणाले, “आत्याबाई, मिळालं बक्षीस, तर पट्टी कोण कोरणार?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हा विचार कुणी केलाच नव्हता. त्या पुरस्काराच्या पट्ट्या, गेलं एक वर्ष सोडलं तर, दर वर्षी कोरायचं कोण? आत्याच!

आठ दिवसांनी आयोजकांचा माणूस आला. टाय एवढा घट्ट बांधलेला की बोलताना शब्द एकेक करून बाहेर पडायचे.

“एकतीस विजेते,” टायवाला म्हणाला, “एकतीस नावं. यादी या लिफाफ्यात आहे. पण तुमचाही अर्ज आलाय, आत्या. आमचे लोक म्हणतात, काम दुसरीकडे द्या.”

“मग द्या की.”

“गेल्या वर्षी पट्ट्यांचं काम दुसरीकडे दिलं होतं. तिथून नावं फुटली. हरलेले कुणी समारंभाला आलेच नाहीत. सहाशे पानांचं जेवण आम्ही चौदा जणांनी आठवडाभर खाल्लं.” त्याचे डोळे पाणावले. “तुमच्याकडून एकतीस वर्षांत एक अक्षर फुटलेलं नाही. म्हणून तुमच्याकडेच. पण ऐका. समारंभाआधी तुम्हाला निकाल कळला अशी नुसती कुणकुण जरी लागली, तरी अर्ज बाद. आणि पुढच्या वर्षीपासून कामही बंद.”

म्हणजे बघा कशी पंचाईत. जे नाव आयुष्यात एकदा पितळेवर बघायचं होतं, ते कदाचित त्या लिफाफ्यात होतं, कदाचित नव्हतं. लिफाफा तिच्याच हातात. आणि वाचलं की संपलं.

काय म्हणालात, शिंपीणबाई? न वाचता कोरणार कशी? अहो, तेच तर सांगतोय!

आत्यानं काय केलं, एक पुठ्ठा घेतला. त्याला एका अक्षराएवढी खिडकी कापली. पुठ्ठा यादीवर ठेवायचा, खिडकीतून एक अक्षर दिसेल ते कोरायचं, आणि पुठ्ठा सरकवायचा. सरकवायचा तोही उलटा, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. कोरून झालेल्या भागावर लगेच कागदाची पट्टी चिकटवायची. काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या शेवटी, एका दिवशी, एका बैठकीत. ‘र’ म्हणजे र, ‘म’ म्हणजे म. पुढचंमागचं मनात जोडायचं नाही. जोडलं जातंय असं वाटलं की पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा तिनं त्या आठवड्यात इतका म्हटला की पलीकडच्या इमारतीतली सगळी मुलं गणितात पहिली आली, आणि त्यांच्या ट्रॉफ्यांची ऑर्डरही आत्याकडेच आली.

भाचीचं मात्र खाणंपिणं बंद. “आत्ये, एक डोळा. एकच. डावा.”

“डावा काय आणि उजवा काय, दोन्ही माझेच. हो बाजूला.”

“निदान एवढं सांग, ‘भ’ आला का?”

“पुष्कळ आले. भंगारवाला असेल, भाजीवाला असेल, भोपळेवाला असेल.”

“भोपळ्याचा धंदा एवढा वाढतो?”

“वेलच तो. वाढायला काय उशीर?”

पॉलिशवाल्या काकांचं दुःख निराळंच. त्यांच्या बोटांना वाचता यायचं. चाळीस वर्षं पितळ घासून बोटं एवढी तयार झाली होती की अंधारात नाणं चाचपून ते कुठल्या सालचं ते सांगायचे. आत्यानं त्यांना हातमोजे दिले. तरी त्यांना ‘ल’ कळला. मग हातमोज्यांवर हातमोजे, त्यांवर पायमोजे. शेवटी ते कोपरानं पॉलिश करायला लागले. म्हणाले, “आत्याबाई, एवढं सोवळं तर माझ्या सासूनं पण पाळलं नव्हतं!”

काम झालं. पट्ट्या आत्यानं स्वतःच कागदात गुंडाळल्या, खोक्यात भरल्या, खोक्याला टायवाल्यानं मोहोर लावली. मग समारंभापर्यंत बारा दिवस. भाचीनं बाराही दिवस नखं खाल्ली. नखं संपल्यावर पेन्सिली. आत्या मात्र काम करताना गुणगुणत असायची. जोखमीचं काम सुखरूप पार पडलं की माणूस गुणगुणतोच.

समारंभाचा दिवस उजाडला. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरे अंगरखे, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची एवढीशी बाटली. तिघं शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. भाषणं चार झाली. तिसऱ्या भाषणात एक झपाट्यानं वाढणारा उद्योजक झपाट्यानं घोरायला लागला. तीस बक्षिसं वाटून झाली. चपलांचा कारखाना झाला, सायकलींचं दुकान झालं, आणि हो, भोपळेवालाही झाला, खराखुरा! भाचीनं डोळे गच्च मिटून घेतले. काकांनी पायमोज्यानं घाम पुसला. एकच चषक उरला होता, सगळ्यांत मोठा.

टायवाला माइकपाशी आला, टाय थोडा सैल केला. “आणि यंदाचा सर्वांत झपाट्यानं वाढलेला व्यवसाय... नऊ हजार नऊशे टक्के...”

त्याला पुढचं बोलताच आलं नाही. भाची किंचाळली. ती अशी किंचाळली की छताचे तीन दिवे गेले आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एकदम कोकलायला लागल्या. काकांनी तिला मिठी मारली, मग शेजारच्या अनोळखी माणसाला मारली, मग त्याच्या बायकोची माफी मागितली.

आत्या उठली. पदर सारखा केला, पर्स काखेत धरली, आणि सहाशे माणसांच्या टाळ्यांमधून चालत स्टेजवर गेली. चषक हातात घेतला. फोटोवाला म्हणाला, “इकडे बघा, हसा.” पण आत्या बघत होती पट्टीकडे.

“ही वेलांटी कुणी काढलीय?” आत्या म्हणाली. समोर माइक, त्यामुळे ते सहाशेच्या सहाशे जणांना ऐकू गेलं.

“आत्या, फोटो...” टायवाला कुजबुजला.

“फोटो पळून जात नाही. ही ‘भाची’ची वेलांटी बघा, मांजरीनं शेपटी झटकल्यासारखी. हात हललाय कुणाचा तरी!”

आणि मग तिची नजर वेलांटीवरून मागे मागे सरकत गेली. भाची. आणि. आत्या. वाचलं, आणि ती स्टेजच्या पायरीवर मटकन बसली, आणि हसायला लागली. आधी ती हसली, मग टायवाला, मग पुढची रांग, मग मागची. घोरणारा उद्योजकही जागा होऊन, कशाला ते न कळता, हसायला लागला. भाची धावत स्टेजवर गेली आणि दोघी त्या चषकाला मधे घेऊन हसत नि रडत बसल्या.

मग आत्या उठली. म्हणाली, “माझ्या भाचीचं नाव वाकडं राहणार नाही.” पर्स उघडली, कोरणी काढली, चषक मांडीवर आडवा घेतला, आणि तिथल्या तिथे, सहाशे माणसांच्या समोर, चार फटक्यांत वेलांटी सरळ केली. टाळ्या अकरा मिनिटं थांबल्या नाहीत. शेजारच्या इमारतीतले लोक भूकंप झाला म्हणून रस्त्यावर आले. आणि शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत त्या बाईला आपल्या बक्षिसाचा पत्ता म्हणून नव्हता...

काय झालं, शिंपीणबाई? उठलात का? नंबर आला?

“नंबर गेला खड्ड्यात! धडधडीत खोटं बोलताय तुम्ही! तीस वर्षं कपडे शिवतेय मी, पण समारंभाला जाताना पर्समधे कात्री घालून जात नाही. ती कोरणी घेऊन गेली, कारण कुठली वेलांटी बिघडलीय ते तिला घरातनं निघतानाच ठाऊक होतं!”