आईच्या मापाची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिन्यातली नव्हे, सुटी. चार पायांची, कुठेही उचलून न्यावी अशी. माणसं आपली गोष्ट डोक्याने सांगतात. मला डोकं नाही, म्हणून मी एकेका पायाने सांगते.

पहिला पाय

विद्यापीठाच्या शिल्पकला विभागात एक विद्यार्थिनी होती. चणीने लहान आणि सदा लाकूड कुरतडत बसलेली. सगळे तिला खारूताई म्हणत. शेवटच्या परीक्षेला विषय आला, 'स्मारक'. बाकीच्यांनी पुतळे केले, छाती काढलेले, बोट उगारलेले. खारूताईने मला केलं.

तिची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उभी. खारूताईने आईला ओल्या मातीवर उभं केलं, पावलांचे ठसे घेतले आणि त्याच मापाचे दोन उथळ खळगे माझ्या पाठीवर कोरले.

विभागप्रमुख सर माझ्याभोवती फिरले.

"हे काय?"

"स्मारक, सर."

"कुणाचं?"

"वर जो उभा राहील त्याचं."

"आणि कुणीच नाही उभं राहिलं तर?"

"तर ते वाट बघेल."

वर्ग खो-खो हसला. "माणसाने आपली पायरी ओळखून असावं," सर म्हणाले आणि त्यांनी तिला नापास केलं. ती गेली. मी राहिले.

दुसरा पाय

विद्यापीठाच्या सभागृहात एक पोडियम होता, सागवानी, धिप्पाड. कुठल्याशा सहा फुटी पाहुण्याच्या मापाने बनवलेला. त्यामागे बाई उभी राहिली की समोरच्यांना दिसायचा फक्त तिचा भांग. पोडियम कापावा असं कुणाच्या मनात आलं नाही. सभागृह सांभाळणाऱ्या मामांनी मात्र मला अडगळीतून उचलून आणलं.

"काळ्या कापडात गुंडाळून ठेवा," सरांनी बजावलं. "लोकांना दिसता कामा नये. कार्यक्रमाची शोभा जाते."

तेव्हापासून दर वर्षी 'स्त्री, कला आणि न्याय' या व्याख्यानमालेला मी कामावर. व्याख्यानं सगळ्यांना खुली असायची. रस्त्यावरून जाणारा माणूसही आत येऊन बसायचा. बोलणाऱ्या बायका मंचावर चढताना हळूच विचारत, "मामा, ठेवलीय ना?" मामा डोळ्यांनीच हो म्हणत.

मित्रांनो, मी सगळी भाषणं तळव्यांतून ऐकली. एक वकीलबाई इतक्या ठामपणे बोलल्या की टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. पायाची बोटं त्यांनी माझ्या खळग्यांत किती घट्ट रोवली होती, ते मला ठाऊक. एक नर्तिका चपला काढून चढली आणि बोलता बोलता अंगठ्याने ताल धरत राहिली. एक तृतीयपंथी चित्रकार आली. आधी तिने एकच पाऊल ठेवलं. दुसरं ठेवायला तिला वेळ लागला. ते ठेवलं, खळग्यात नीट बसलं, आणि मग तिचा आवाज फुटला.

फोटोत मी कधीच नव्हते.

चौथा पाय

(तिसऱ्याच्या आधी सांगते, कारण हा मोडला ते आधी घडलं.)

नवा पोडियम आला. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. सगळे म्हणाले, वा! मी गेले रंगाऱ्याकडे. त्याने माझ्यावर डबे आपटले, भिंती रंगवल्या आणि एक दिवस माझा पाय मोडला. मग मला सभागृहामागे टाकलं, पायाखाली वीट आली, पाठीवर पाण्याचं पिंप आलं. खळग्यांत पाणी साचायचं. नड असेल तेव्हा उराशी, काम सरलं की दाराशी!

तिसरा पाय

या वर्षीच्या व्याख्यानमालेत मुख्य पाहुणी होती खारूताई. आता तिची शिल्पं चौकाचौकांत होती, केस पिकले होते. उंची तेवढीच.

तिच्या आधी एक उंच गृहस्थ बोलले आणि त्यांनी पोडियम पार वर नेला. मग बटण दाबलं. घुर्र झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा घुर्र. पोडियम हटेना. सभागृह गच्च भरलेलं.

पहिल्या रांगेतून निवृत्त झालेले सर म्हणाले, "अगं, बसून बोल. आवाज तर पोचेल!"

"आवाज पोचेल, सर. पण मागच्या रांगेत माझी आई बसलीय. तिला मी दिसले पाहिजे. याच इमारतीतून मी तोंड लपवून गेले होते."

मामा आता म्हातारे झाले होते, तरी धावले. त्यांनी पिंप उतरवलं, मला पुसलं, विटेसकट मंचावर आणलं आणि सवयीने पोडियममागे ठेवून वर काळं कापड टाकलं.

खारूताईने पाऊल टाकलं आणि थबकली. खाली वाकून तिने कापड काढलं. खळग्यांवरून हात फिरवला.

"मामा," ती म्हणाली, "ही कुठे होती?"

"इथेच. तुमच्या आधी शेकडो जणी उभ्या राहिल्यात हिच्यावर."

तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि पोडियमच्या पुढे, मंचाच्या मधोमध, उजेडात ठेवलं, पायाखाली वीटही सरकवली. माझ्यावर चढली. "हे माझं नापास झालेलं स्मारक, माझ्या आईच्या पावलांच्या मापाचं," तिने सांगितलं. "यानं वाट बघितली."

टाळ्या थांबेनात. सर उठले. "नापास मीच केलं होतं," ते मोठ्याने म्हणाले. "चुकलो."

"मग आता वर या, सर."

"नको गं. आधी जिचं माप आहे तिला आण."

आई मधल्या वाटेने कुरकुरत आली. "मला कशाला? मी काय बोलणार!" खारूताईने हात दिला. आईने चपला काढल्या. एक पाऊल. दुसरं. टाच टाचेत, अंगठा अंगठ्यात. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यात कुठेच जागा उरली नाही.

"अगं, जन्मभर उभीच आहे की मी!" आई खारूताईने पुढे धरलेल्या माईकमध्ये म्हणाली. "आणि तू परत उभंच केलंस होय?"

सभागृह हसलं. आईने समोर पाहिलं, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

"पण असं नव्हते राहिले कधी," ती म्हणाली. "लोक बघतायत असं."

आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

चारही पाय

नंतर मला काचेच्या पेटीत ठेवायचं ठरत होतं, 'हात लावू नये' अशा पाटीसह. खारूताईने मोडका पाय नवा बसवला आणि पेटी परत पाठवली. आता मी पोडियमच्या पुढे असते, कापडाशिवाय. फोटोतही असते.

म्हणून एकच मागणं. मला जपायचं असेल, तर पुसून कोपऱ्यात ठेवू नका. चपला काढा, वर या आणि बोला. मी झिजेन. झिजू द्या.