भिंतीकडे तोंड केलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि सध्या माझ्या पोटात मीठ भरलेले आहे. दारापुढच्या वाटेवरचा बर्फ वितळवायला टाकतात ना, ते जाडे, मळकट मीठ. पूर्वीही माझ्यात मीठच होते, पण ते समुद्राचे होते.

चार भिंती, एक तळ आणि कोपऱ्यांत काच धरून ठेवणारा रबरासारखा सांधा, एवढेच माझे शरीर. टोलेडो शहरातल्या एका दुकानात साध्या टाक्या अर्ध्या किमतीत निघाल्या होत्या. त्या दिवशी डॅरेल साबो आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी टेसा तिथे आले. डॅरेल काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करी. त्याने बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिले.

"बाबा, एवढ्याशा टाकीत समुद्र मावेल?"

"टाकीत मावेल गं. आपल्या खिशात मावतोय का, ते बघायचं."

दिवा कुणीतरी टाकून दिलेला होता, पंप जुना होता, पाणी गरम ठेवणारी नळी तेवढी नवी घेतली. टेसा बादलीत गाळलेले पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ ढवळायची. माझ्या काचेवर तिने पाण्याच्या पातळीशी एक पट्टी चिकटवली होती. पाणी उडून पातळी उतरली की ती पट्टीपर्यंत गोडे पाणी घालायची. पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून पुन्हा खारे पाणी घालायचे नाही, असे तिने वहीत लिहून ठेवले होते.

हे तिला फायफरबाईंनी शिकवले होते. त्या गल्लीच्या टोकाला राहत. वय एकोणऐंशी. त्यांच्या बैठकीच्या खोलीत माझ्या दसपट मोठी टाकी होती. त्यांनी आपल्या टाकीतले चार दगड आम्हाला दिले.

"या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते पाण्यातली घाण पचवतात. त्यांना रुळू दे. सहा आठवडे मासा आणायचा नाही."

"सहा आठवडे नुसते दगड बघत बसायचं?" डॅरेल म्हणाला.

"तू काच भट्टीतून निघाल्या निघाल्या हातात धरतोस का रे?"

टेसा खोखो हसली. मग ते दोघे थांबले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस म्हणजे ते रिकामे सहा आठवडे. दगडांवर तपकिरी शेवाळ आले आणि गेले. मग दोन गोगलगायी आल्या, आणि शेवटी एक नारिंगी-पांढरा मासा. टेसाने त्याचे नाव पिकल ठेवले.

शरद ऋतूत फायफरबाई वृद्धांच्या निवासात राहायला निघाल्या. तिथे मोठी टाकी नेता येत नव्हती. जाण्याआधी त्या एक डबा घेऊन आल्या. डब्यात अंगठ्याएवढे हिरवे प्रवाळ होते. त्याच्या बोटांची टोके जांभळी होती आणि ती पाण्यात गवतासारखी डुलत. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने ते आणले होते. अशा खाऱ्या टाक्या पाळणारी माणसे प्रवाळाचा तुकडा तोडून एकमेकांना फुकट देतात. एकाकडचे मेले, तर ज्याला दिले त्याच्याकडून परत मागून आणायचे, असा त्यांचा रिवाज.

"हे तुझ्याकडे ठेव, टेसा. लागलं तर मी मागेन हं," त्या म्हणाल्या. मग डॅरेलकडे वळल्या. "आणि तू ऐक. मासा आजारी पडला तर औषध बादलीत. टाकीत एक थेंबसुद्धा नाही."

"किती वेळा सांगाल? पाठ झालं माझं."

जानेवारीत पिकलच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. टेसा शाळेत होती. डॅरेल दुकानात जाऊन निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. त्या औषधात तांबे असते. तांब्याने माशाचा रोग जातो, पण गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. बाटलीवर बारीक अक्षरांत तसे लिहिलेही होते. पण उद्या टाकीतले थोडे पाणी बदलायचे होते, त्यासाठी बादलीत खारे पाणी तयार करून ठेवले होते. शिवाय माशाला बादलीत ठेवायचे तर दुसरी गरम नळी आणायला हवी होती.

"अर्धंच घालतो," तो स्वतःशीच म्हणाला. आणि त्याने ते माझ्यात ओतले.

मला तोंड असते तर मी ओरडले असते.

टेसा घरी आली तेव्हा गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या. प्रवाळाने सगळी बोटे आत ओढून घेतली होती.

"बाबा, काय घातलंस यात?"

"औषध. तुझ्या पिकलसाठीच ना!"

"किती?"

"अर्धंच गं."

त्यांनी तीन वेळा पाणी बदलले. चौथ्या दिवशी दगडावर नुसता पांढरा सांगाडा उरला. पिकल मात्र बरा झाला. ओसाड दगडांभोवती तो एकटा फिरायचा. शेवटी त्यालाही दुकानात परत देऊन टाकले.

मार्चमध्ये फायफरबाईंचा फोन आला. टेसाने तो स्पीकरवर लावून माझ्या शेजारीच टेबलावर ठेवला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"टेसा, अगं मला खिडकीत छोटी टाकी ठेवायची परवानगी मिळाली! तुझ्या टाकीएवढीच. दगडसुद्धा रुळलेत आता. माझं हिरवं बाळ दे बघू बोटभर."

डॅरेल हाताने खुणा करू लागला. "लहान आहे म्हणावं अजून," तो कुजबुजला. "उन्हाळ्यात देऊ म्हणून सांग."

टेसाने त्याच्याकडे पाहिले.

"आजी, ते मेलं. टाकीत तांब्याचं औषध गेलं."



"बादलीत नाही दिलंत?"

"नाही."

"मी सगळ्यांना विचारलं गं. कुणाकडेच उरलेलं नाही. तुमच्याकडे तेवढं होतं. टाकीवर जाड अक्षरांत लिहून ठेव. कितीही धुतली तरी तांबं सांध्यात मुरून राहतं. उद्या कुणी घेईल, आणि त्याचंही मरेल."

फोन बंद झाला. 'असू दे, बाळा' असे काही त्या म्हणाल्या नाहीत.

टेसाने काळ्या पेनने माझ्या काचेवर लिहिले: 'यात तांबं गेलं आहे. यात प्रवाळ जगणार नाही.' तिने पुन्हा टाकी मागितली नाही, आणि डॅरेलनेही विषय काढला नाही. त्याने मला गॅरेजमध्ये नेऊन ठेवले आणि लिहिलेली बाजू भिंतीकडे केली. तो वाईट माणूस नाही. तो बर्फाचे मीठ काढायला येतो, तेव्हा घाईने दोन मुठी घेतो आणि दिवा मालवतो.

मित्रांनो, जिवंत काही पाळणार असाल तर आधी एक रिकामी बादली बाजूला ठेवा आणि तिच्यात दुसरे काही भरू नका. आणि कधी एखाद्या अंगणात स्वस्तात विकायला काढलेली मी तुम्हाला दिसले, तर घेण्याआधी मला एकदा वळवून बघा.