नरहरभाऊंचे मोठे साहेब

ब्राह्मणपाऱ्यातल्या नरहरभाऊंचा धंदा सोपा होता. सरकारी ठेका बड्या ठेकेदाराला मिळाला, की त्यातलं सुटं काम भनपुरीच्या छोट्या कारखानदारांना मिळवून द्यायचं आणि मधली दलाली ठेवायची. माल भाऊंच्या टेम्पोतून जाई, बिल भाऊंच्या नावानं फाटे. ठेकेदाराचं नाव मात्र कुणाला कळत नसे. "मोठ्या साहेबांचं काम आहे," एवढंच. नाव कळल्यावर भाऊंना विचारतो कोण?

आणि आता ह्याच धंद्यात नवीन उतरलेली ही नीलिमा. पंडरी भागात हॉल घेऊन ठेकेदार आणि कारखानदार चक्क समोरासमोर बसवू लागली. भाऊंचे जुने कारखानदार गुलाबरावही तिच्याकडे निघाले, हे ऐकल्यापासून भाऊंना जेवण जाईना. पोट्टी तोंडावर कशी पडते ते बघायला म्हणून ते गेले आणि मागच्या खुर्चीत बसले.

सरकारी शाळांच्या बाकांचा ठेका घेतलेल्या माणसानं गुलाबरावांचा नमुना हलवून पाहिला. पसंत पडला. "इसके पहले किसका काम किया?"

गुलाबराव अडखळले. "मोठ्या साहेबांचं."

हॉल हसला. ठेकेदार पुढच्या नमुन्याकडे वळला. नीलिमाचा चेहरा उतरला, आणि भाऊंना कूलरची गार हवा आपल्याकडेच वळल्यासारखी वाटली.

"जाऊ द्या, गुलाबकाका," ती म्हणाली. "तुमाले पहिलं काम मी मिळवून देईन."

पहिलं? भाऊ ताडकन उठले. "पहिलं काहून? देवांगन ठेकेदाराच्या वसतिगृहाच्या खाटा कोणी केल्या? साहूच्या अंगणवाडीच्या खुर्च्या? चंद्राकरच्या दवाखान्याचं रेलिंग? ह्याच माणसानं. अन् काम आणून दिलं मी. तू तवा शाळेत होती."

ठेकेदार थांबला. त्यानं तिथूनच चंद्राकरांना फोन लावला, रेलिंगची चौकशी केली आणि बाकांचं काम गुलाबरावांना देऊन टाकलं. तोवर हॉलमधल्या प्रत्येकानं ती तिन्ही नावं मोबाइलमध्ये टिपून घेतली होती.

"नरहरकाका, पुढच्या वेळी मंचावर बसा," नीलिमा म्हणाली. तिनं अगदी मनापासून म्हटलं, हेच भाऊंना जास्त लागलं.

गुलाबराव जवळ आले. "नरहरभाऊ, साहेब तीन होते काय? मी तं एकच समजून राहिलो होतो."

भाऊंनी ते ऐकलंच नाही. "पेढे पहिले कोणाले देशील?"

"ताईले," गुलाबराव म्हणाले. "हॉल तिचा हाये ना."