चावी आत, आजोबा बाहेर

"चावी कायम गळ्यात," हे माझ्या सासऱ्यांनी छत्तीस वर्षं हाताखालच्या प्रत्येकाला बजावलं. नाणं टाकलं की वस्तू देणाऱ्या यंत्रांचे ते दुरुस्तीवाले. त्या यंत्रांच्या इतिहासाचं प्रदर्शन वाचनालयात अकराला उघडणार होतं आणि त्यांनी जीव ओतून चालू केलेलं एक जुनं यंत्र मधोमध उभं होतं. अकरा वाजता ते सगळ्यांसमोर उघडून त्याची आतडी दाखवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

साडेदहाला चॉकलेटं भरताना दोरी आड आली म्हणून त्यांनी चावी गळ्यातून काढली, वस्तू पुढे ढकलणाऱ्या एका रिकाम्या स्प्रिंगमध्ये ठेवली आणि सवयीने दार लोटलं. कुलूप आपोआप लागलं.

"छान मांडलीत," काचेतून बघत सासूबाई म्हणाल्या. "चॉकलेटांपेक्षा उठून दिसतेय."

"नाणं टाकलं की पडेल."

पण यंत्राला नाणं लागायचं जुनं, चलनातून गेलेलं. ती सगळी त्यांनी आतच भरली होती. बाहेर एकच उरलेलं, आमच्या ठकीच्या मुठीत. ठकी माझी लेक, पाच वर्षांची. नाणं उशाशी घेऊन झोपते.

"ठके, देतेस?"

"परत मिळेल?"

इथे सरळ हो म्हणायचं, तर सासरे इतिहासात शिरले. "दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या देवळात असं यंत्र होतं. नाणं आतल्या पट्टीवर पडलं की पट्टी कलायची, तीर्थ यायचं. नाणं घसरलं की बंद."

"मग नाणं?"

"ते आतच."

मूठ आणखी आवळली गेली.

"पुढे स्टेशनांवर पोस्टकार्डांची यंत्रं आली..."

"अहो, इतिहास आवरा," सासूबाई म्हणाल्या. "दहा पन्नास झाले."

शेवटी नाण्याच्या बदल्यात सासऱ्यांनी स्वतःचा चष्मा गहाण टाकला. नाणं गेलं, स्प्रिंग फिरली आणि चावी कडेला लोंबकळत राहिली. यंत्रावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'थापटू नये.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, तुझा हात हलका आहे."

खांद्यावरचं तान्हं मी सासूबाईंकडे दिलं आणि ढेकर काढताना थोपटते तसं यंत्राच्या कुशीवर थोपटलं. तिसऱ्या थापेला चावी पडली.

तोवर दारात माणसं जमली होती. सासरे वाकले. चावी कुलपाच्या आजूबाजूला सगळीकडे लागली, कुलपात सोडून.

"ठके, चष्मा."

"आधी नाणं."

"ते आत आहे गं."

"मग चष्मा माझ्याकडे आहे."

सासऱ्यांनी चावी तिच्यापुढे धरली. ठकीने चष्मा कपाळावर सरकवला, जीभ दातांत धरली, चावी फिरवली. दार उघडलं. आजोबांनी आतल्या नाण्यांच्या डब्यातून एक नाणं काढून दिलं.

"हे नाही. माझ्या नाण्यावर ओरखडा आहे."

प्रदर्शन सात मिनिटं उशिरा सुरू झालं. डब्यातली सगळी नाणी बघून झाल्यावर चष्मा परत मिळाला. चावी मात्र ठकीने स्वतःच्या गळ्यात घातली आणि ती मागायची हिंमत कुणाला झाली नाही.