उशिरा आलेल्यांचं क्रियापद

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात सरांचा एकच हट्ट असे: वहीतलं वाक्य प्रत्यक्ष घडलेलं हवं. हवेतले इमले चालणार नाहीत. दोन बहिणींतली धाकटी या वर्गाला येई; ती वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिला हा नियम पटकन पटला होता.

त्या दिवशी फळ्यावर 'टर्न अप' आलं.

"म्हणजे येणं," सर म्हणाले, "पण कुणाच्या ध्यानीमनी नसताना. 'आज इकडे कुठे उगवलात?' म्हणतो ना आपण, तसं."

"उशिरा आलेल्याला चालतं?" धाकटीने विचारलं.

"त्यालाच तर जास्त लागू पडतं!"

"म्हणजे मी रोज टर्न अप होतो," मागून शिंपीकाका म्हणाले. वर्ग खदखदून हसला.

धाकटीने वहीत इंग्रजीत लिहिलं, की रविवारी मी न कळवता ताईच्या दारात जाऊन उभी राहिले.

सरांनी वाचलं. "घडलंय?"

"नाही."

"मग खोडा. नाहीतर घडवा."

तीन वर्षांपूर्वी आई वारली, तेव्हा धाकटी चार तास उशिरा पोचली होती. ताई दारातच म्हणाली होती, "आता कशाला आलीस?" त्यानंतर धाकटीने ते दार पाहिलं नव्हतं. वाक्य मात्र तिने खोडलं नाही.

पुढचे दिवस तरंगत गेले. काचेच्या पेटीतल्या तराजूवर ती चिमट्याने पितळी वजन ठेवी आणि काटा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून धरी. डोलत्या काट्यात तिला एक जिना दिसे, वर निळं दार, दारामागे पावलं. पावलं जवळजवळ येत. काटा थांबला की पावलंही थांबत.

रविवारी ती तो जिना खरोखर चढली. फोन केला नव्हता. दार आता हिरवं होतं. बेल दाबून तिने सवयीने श्वास रोखला.

ताईने दार उघडलं. केस पिकले होते. धाकटीच्या मनातला काटा इकडे झुकला, तिकडे झुकला.

"ताई, मी... उशीरच झाला गं," धाकटी म्हणाली.

ताईची नजर खाली तिच्या पायांकडे गेली.

"चपला बाहेर नको काढूस. समोरच्यांचं कुत्रं पळवतं. आत घेऊन ये."